सातारच्या बारा खेपा

२४ जून २०२५, सांगली
संध्याकाळी बेदाण्याचं दुकान आवरताना सीए साहेबांचा फोन. "ताई, २०२३-२४ च्या विवरणपत्रावर कलम १४३(२) ची नोटीस आलीय. घाबरू नका, पण त्या वर्षाचा चिटोरासुद्धा फेकू नका." माझा नफा विक्रीच्या आठ टक्क्यांच्या खाली असतो, म्हणून वह्यांचं ऑडिट दरवर्षी होतंच. ते आपण नेमलेला माणूस करतो. ही तपासणी प्राप्तिकर खात्याची, आणि विषय एकच : धंद्याच्या नावावर टाकलेला खर्च खरोखर धंद्याचा होता का? रात्री भाकरी घशाखाली उतरली नाही.

२९ जून, रविवार
माळ्यावरून २०२३-२४ चं गाठोडं काढलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या कपाटातल्या जुन्या वह्यांचा लगदा झाला होता. तेव्हापासून कीर्द, खतावणी, पावत्यांच्या फायली सगळं माळ्यावर. त्या पुरानं घेतलं खूप, पण ही सवय लावून गेला.

१५ सप्टेंबर
प्रश्नावली आली. गाडीचा खर्च, दिवाळीच्या भेटी, मोबाइलचं बिल, निवडणीची मजुरी. प्रत्येकाचा तपशील पुराव्यासह मागितलाय. बाबा साताऱ्यात किराणा दुकान चालवायचे, तेव्हा वह्या बगलेत मारून प्राप्तिकराच्या साहेबांसमोर जाऊन बसायचे. २०२० पासून तसं राहिलं नाही. विचारणारा अधिकारी देशात कुठे बसलाय हे आपल्याला कळत नाही, उत्तर पोर्टलवर चढवायचं. वशिला चालत नाही हे चांगलंच झालं. पण बेदाणा कसा निवडतात, त्याला किती हात लागतात, हे न पाहिलेल्या माणसाला सगळं कागदावरच पटवून द्यायचं.

सीए साहेबांनी कलम ३७(१) समजावलं. खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा. घरखर्च त्यात बसत नाही. ऐकायला सोपं आहे. पण माझा फोन एक, गाडी एक, दुकानाच्या वरच घर, आणि गिऱ्हाईकं निम्मी सातारची, जिथं माहेर.

५ ऑक्टोबर, रविवार
दिवसभर गाडीचा हिशेब. फास्टॅगचं स्टेटमेंट समोर ठेवलं. पेठनाका, कऱ्हाड, मग तासवडे टोलनाका. सातारला गेले की तिथं नोंद पडतेच. वर्षभरात ३१ खेपा. प्रत्येक तारखेला माल पोचवल्याचं चलन शोधत गेले. २० सापडली, ११ तारखांना नाहीत. त्या अकरा तारखा मला चलनाशिवायही पाठ आहेत. आई दवाखान्यात होती.

एका तारखेपाशी मात्र थांबले. आईच्या ऑपरेशनचा दिवस. पहाटे निघताना डिकीत दहा किलोचे दोन बॉक्स टाकले होते, पोवई नाक्याजवळच्या दुकानात उतरवले आणि तशीच दवाखान्यात गेले. चलन आहे, त्यावर दुकानदाराची सही आहे. साहेबांना फोन केला. म्हणाले, "ताई, चलन आहे ना, मग धंद्याची खेप. कोणी हरकत घेणार नाही."

पण त्या दिवशी मी बेदाणा विकायला गेले नव्हते. बॉक्स नसते तरी गेलेच असते. ती खेप बारावी म्हणून घरखात्यात लिहिली.

एका खेपेला जाऊन येऊन जवळपास २४० किलोमीटर. बारा खेपांचे २,८८०. वर्षभरात गाडी १८,००० किलोमीटर फिरली, म्हणजे घरचा वापर १६ टक्के. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, घसारा मिळून खर्च १,७५,००० रुपये. त्यातले २८,००० माझे, धंद्याचे नाहीत. घसारासुद्धा त्याच प्रमाणात सोडावा लागतो. हे आपण होऊन कळवायचं ठरलं.

१८ ऑक्टोबर
उत्तर चढवलं. दिवाळीच्या भेटींपैकी नातेवाइकांचे डबे वगळले, फोनचंही तसंच. दिवाळीसाठी बेदाण्याचे सौदे बंद आहेत, म्हणून एवढा वेळ मिळाला.

१२ जानेवारी २०२६
कारणे दाखवा नोटीस. मजुरीचे ३,०२,४०० रुपये नामंजूर करण्याचा प्रस्ताव आहे. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांहून जास्त रोख दिली तर कलम ४०ए(३) प्रमाणे तो खर्च धरत नाहीत. आणि माझी नऊ व्हाउचरं प्रत्येकी ३३,६०० रुपयांची, सगळी निवडणीवरच्या एकट्या मावशींच्या नावानं.

चूक माझीच. निवडणीला सोळा बायका. रोज ३५० प्रमाणे सहा दिवसांचे २,१०० प्रत्येकीचे. शनिवारी घाई असली की सगळी रक्कम मावशींच्या हातात द्यायचे, त्या ओसरीवर बसून वाटायच्या. पैसे खरे, काम खरं. कागद मात्र सांगतो की एकाच बाईला ३३,६०० दिले.

१३ जानेवारी
सकाळी मावशींना विचारलं. त्या काही न बोलता घरी गेल्या आणि दोनशे पानी वही घेऊन आल्या. कडेला हळदीच्या बोटांचे डाग. दर शनिवारचं एक पान, त्यावर सोळा नावं, खाडे मांडलेले, रकमेपुढे सही नाहीतर अंगठा. "उद्या कुणी म्हणाया नको, मावशीनं पैसं खाल्लं," म्हणाल्या. वर्षानुवर्षं त्या हे माझ्यासाठी नाही, स्वतःच्या इभ्रतीसाठी करत आल्या. जांभळ्या शाईचे अंगठे पाहताना माझे डोळे भरून आले.

१९ जानेवारी
नऊही पानं स्कॅन केली. अधिकाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही, म्हणून 'खाडा', 'निवडणी', 'अंगठा' यांचे अर्थ लिहून सोबत इंग्रजी भाषांतर जोडलं. सोळाही जणींनी पैसे मिळाल्याचं लिहून दिलं.

१७ फेब्रुवारी
आदेश आला. मजुरी मान्य. गाडीचे २८,००० आणि आम्ही स्वतःच वगळलेला बाकीचा किरकोळ खर्च तेवढा उत्पन्नात मिळवलाय. कर आणि व्याज मुदतीत भरायचं, अपील करायचं नाही आणि दंडातून सूट मागायचा अर्ज द्यायचा. साहेबांना म्हटलं, आजच करू.

७ मार्च, शनिवार
निवडणीचे पैसे आता मी स्वतः वाटते, प्रत्येकीचं व्हाउचर वेगळं. मावशी शेजारी बसून त्यांच्या वहीतही लिहितात, ते मी बंद करायला सांगितलेलं नाही. गाडीत एक छोटी वही ठेवलीय : तारीख, किलोमीटर, कुठे, कशासाठी. उद्याची ओळ आत्ताच लिहिली. सातारा. आई.