ओळखीची सही

आमच्या भागात पूर्वी बँकेत खातं काढायचं म्हणजे आधी ओळख देणारा माणूस गाठावा लागायचा. त्या शाखेत ज्याचं खातं आहे, त्यानं फॉर्मवर सही करायची आणि आपला खातेनंबर लिहायचा. ह्या इसमाला मी ओळखतो, एवढाच त्या सहीचा अर्थ. माझं खातं दूध संस्थेच्या सेक्रेटरीच्या सहीवर निघालं. पुढं माझ्या सहीवर आमच्या अर्ध्या आळीची खाती निघाली. कुणी यायचं, म्हणायचं, "आबा, उद्या बाजारला जाताना बँकेत ओळख द्यायला चला." कामं टाकून जायचो. मग केवायसी आलं, आधार आलं. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झालं, बिनपैशाची खाती निघाली, आणि आमच्या सहीची किंमत संपली. त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते धाकटी लेक जर्मनीला गेल्यावर.

ती २०२५ च्या मार्चमध्ये शिकायला गेली. तिकडचा विद्यार्थ्याचा व्हिसा मागताना बहुतेकांना वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच एका खात्यात भरून दाखवावे लागतात. त्या साली ती रक्कम ११,९०४ युरो होती, आपले जवळपास पावणेअकरा लाख रुपये. रान गहाण टाकून ते भरले. हे खातं कुलूपबंद असतं. महिन्याला ९९२ युरो सुटतात, आणि तेही रोजच्या वापराचं दुसरं खातं काढून दिल्यावर, त्या खात्यात.

आठव्या दिवशी तिचा फोन आला. "आबा, पैसे माझ्या नावावर आहेत, पण मला हात लावता येत नाही."

मी म्हणलं, "म्हणजे धरण भरलंय आणि चारीच खोदलेली नाही."

"तसंच. आणि चारी खोदायला कुणी परवानगी देईना."

गोष्ट अशी होती. ती ज्या बँकेत गेली, तिथं राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागितला. ह्या नोंदणीला ते आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तिथल्या कचेरीत नाव लावावं लागतं, मग माणूस तिथला असो की बाहेरचा. नाव लावायला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, की ही व्यक्ती माझ्या घरात अमुक तारखेपासून राहते. पोर उतरली होती कोल्हापूरकडच्या एका मुलीच्या खोलीत, आणि तिचा मालक दुसऱ्या माणसाचा कागद द्यायला तयार नव्हता. स्वतःची खोली बघावी तर मालक म्हणणार, अनामत बँकेतून पाठवा. तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घ्यायची कायद्यानं मुभा आहे. म्हणजे खात्याला पत्ता पाहिजे, पत्त्याला खोली पाहिजे आणि खोलीला खातं पाहिजे. घाण्याचा बैल फिरावा तशी पोर ह्या दारातून त्या दारात फिरत होती. जाताना नेलेले रोख युरो रोज कमी होत होते.

तिची आई मला म्हणाली, "तुम्ही एवढ्यांना ओळख दिली, आता पोरीसाठी काहीतरी करा की." काय करणार? माझी सही आमच्या तालुक्याबाहेर कधी चालली नव्हती, आणि पोटच्या पोरीला ओळख द्यायची वेळ आली तेव्हा मी सहा हजार किलोमीटरवर गोठ्यात उभा होतो. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

तिथं आधी गेलेल्या एका पोरानं तिला एक गोष्ट सांगितली. जर्मनीत २०१६ पासून कायदाच आहे की युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही साधं खातं मिळायचा हक्क आहे, डोक्यावर छप्पर नसलेल्यालाही. त्याचा ठरलेला फॉर्म असतो आणि बँकेला दहा कामाच्या दिवसांत निकाल द्यावा लागतो. ऐकून जीव भांड्यात पडला. आपल्या जनधनचा भाऊच म्हणायचा.

तो फॉर्म भरायची पाळी आली नाही. एका म्हाताऱ्या बाईनं वरची खोली दिली, पहिल्या महिन्याचं भाडं रोख घेऊन पावती दिली, आणि मालकाच्या कागदावर सही केली. ना नात्याची, ना गोत्याची. माझं काम तिनं केलं.

तो कागद घेऊन पोर नोंदणीला गेली. पासपोर्टात तिच्या नावाला जोडून माझं नाव आहे, आपल्याकडं तशीच रीत. तिथल्या कारकुनानं विचारलं, "ही दोन्ही नावं तुमचीच?" ती हो म्हणाली. तिथून पुढं सगळीकडं तसंच लागलं. बँकेचा नंबर आला, बावीस अक्षर-आकड्यांचा, सुरुवातीला जर्मनीची दोन अक्षरं. कार्ड एका टपालानं येतं आणि पिन दुसऱ्या. टपालपेटीवर नाव नसेल तर टपाल परत जातं, म्हणून म्हातारीनं पेटीवर आमच्या आडनावाची चिठ्ठी चिकटवली. त्याचा फोटो तिच्या आईनं शेजारणीला दाखवला. कार्ड आलं, त्यावर पोरीच्या नावामागं माझं नाव. पहिले ९९२ युरो सुटले त्या दिवशी तिनं आधी भाडं भरलं, मग तांदूळ घेतला.

महिन्याभरानं इकडच्या बँकेत पासबुक भरायला गेलो. पोरगी कुठं असते, असं साहेबांनी सहज विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "मग तिचं बचत खातं तसंच ठेवता येत नाही. एनआरओ करावं लागंल." शिकायला गेलेलं पोरही कायद्यानं अनिवासीच धरतात. फॉर्म घरी आणला. तिच्या आईनं विचारलं, "अनिवासी म्हणजे?"

"इथं राहत नाही ती."

"असं कुणी लिहिलं?" म्हणाली, आणि फॉर्म उचलून कपाटात ठेवला. चार दिवसांनी मीच काढून पोरीला पाठवला. नियम तो नियम. तिच्या खोलीची चादर मात्र तिची आई अजून दर सोमवारी बदलते.