अकरा डास

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मंदिरातून परतलो, तर दारात आरोग्य खात्याचे कीटक समाहारक उभे. हातात चोषणनळी आणि विजेरी. शेजारच्या गल्लीत ताप निघाला होता आणि घरातले डास तपासणीसाठी हवे होते. सूनबाईने माझ्याकडे पाहिले. "पप्पा, द्यायचे का?" नळीत गेलेला डास परत येत नाही, हे तिला ठाऊक होते.

१९७३ साली मी चौदा वर्षांचा होतो. बार्शीच्या आडत बाजारात आमची पेढी होती. त्या वर्षी गावात चिकुनगुन्याची साथ आली. हमालांना पोते उचलवेना, वडिलांना तराजूची दांडी धरवेना, आजी तर कित्येक महिने भिंतीचा आधार घेऊन चालत होती. जीवहत्या नको म्हणून आईने घरात धूर करू दिला नाही. तिचा तो निश्चय आजही मला क्षुल्लक वाटत नाही. मात्र आमच्या रांजणावर झाकण नव्हते, आणि एडिस इजिप्ती हा डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो.

त्यानंतर हा रोग लोकांच्या विस्मरणात गेला. पुढे २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या एडिस डासांतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने चिकुनगुन्याचा विषाणू वेगळा केला. २००६ मध्ये देशभर साथ उसळली. संशयित रुग्ण सुमारे १३ लाख ९० हजार होते आणि त्यांत माझी पत्नीही होती. मग शास्त्रज्ञांनी जुने नमुने ताडून पाहिले. १९७३ चा विषाणू आशियाई प्रकारचा, तर २००६ चा आफ्रिकी. यवतच्या डासातला? तोही आफ्रिकी! साथीच्या पाचएक वर्षे आधीच ती नोंद एका डासाच्या देहात झालेली होती.

ही तपासणी कशी होते, हे निवृत्तीनंतर सवडीने समजून घेतले. विषाणूचा आरएनए नासू नये म्हणून डास गारठ्यात ठेवतात आणि बर्फावरच त्यांची जात व लिंग ओळखतात. चावते ती मादीच. नुकतेच रक्त प्यालेली मादी बाजूला काढतात, कारण पोटातील विषाणू त्या रक्तातलाही असू शकतो. पंचवीस-तीस डासांचा एक गट एकत्र कुटून त्याची आरटी-पीसीआर चाचणी करतात. बँकेत नोटांचे बंडल तपासावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे सदोष बंडल सोडून एकेक नोट पाहता येत नाही. म्हणून गटात विषाणू सापडला, तर 'किमान एक डास बाधित' एवढेच लिहितात. हा सावधपणा मला, जुन्या हिशेबनीसाला, फार आवडला.

आपल्याकडे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार मानले आहेत. हे कृत्य त्यांपैकी कशात बसते, याचा निर्णय मी पंडितांवर सोडतो. त्या सकाळी मला आजी आठवली, आणि जिन्याखाली सूनबाईने पाणी भरून ठेवलेला उघडा पिंपही दिसला.

मी म्हणालो, "येऊ दे त्यांना आत."

पडद्यामागून, पलंगाखालून अकरा डास निघाले. ते लोक गेल्यावर मी व सूनबाईने मिळून पिंप रिकामा केला, आतून घासला आणि उन्हात पालथा घातला.