संशयाचं पंचांग

भाद्रपदात पोलादपूर मागे पडलं की कशेडीचा घाट धुक्यातच सुरू होतो. गणपतीला निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्या तिथे एकीमागे एक चढत असायच्या, काचेवर आतून वाफ धरलेली असायची, वळणाआधी पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसायचा आणि तो खरंच दिसला की नुसता भासला हे ठरेपर्यंत विझूनही जायचा.

अर्धवट दिसणं. मला तिथे हटकून 'संशयकल्लोळ' आठवतं.

किती लांबून आलंय हे नाटक! बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याची फजिती मोलिएरने 1660 साली पॅरिसात रंगवली, 1761 साली आर्थर मर्फीने ती लंडनच्या रंगमंचावर आपल्या ढंगाने मांडली, आणि 1893 साली गोविंद बल्लाळ देवलांच्या हाती ती 'तसबिरीचा घोटाळा' होऊन मराठीत आली. देवलांनी पंचांग उघडलं. पुरुषांना महिने दिले, बायकांना नक्षत्रं. फाल्गुनराव, आश्विनशेठ, भादव्या. कृत्तिका, रेवती, मघा. एवढ्या एका खोडीने परकी माणसं आपल्या पावसापाण्यात आली.

रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो. त्याच्या बायकोला, कृत्तिकेला, दिसतं ते एवढंच. रेवतीजवळची आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, तसबिरीतल्या त्या देखण्या चेहऱ्याकडे ती अंमळ जास्तच वेळ बघत राहते, आणि नेमकं तेवढंच नवऱ्याच्या नजरेला पडतं. खोटं कुणीच बोललेलं नाही. जे दिसलं नाही ते ज्याच्या त्याच्या मनाने, दुखऱ्या जागी बोट फिरवत फिरवत, भरून काढलंय.

1916 साली त्यात पदं आली, गंधर्व नाटक मंडळीने ते 'संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल त्याच वर्षी गेले. फार्स म्हणजे नुसती धावपळ, आणि पद माणसाला जागच्या जागी थांबवतं; तरी संशयाने पेटलेलं ते घर एका तानेसाठी खुशाल खोळंबतं आणि प्रेक्षक वन्समोअर देतात. माझ्या मते नाटक पुरतं मराठी झालं ते इथे.

फाल्गुनात हाच घाट लख्ख असतो. पानं गळालेली, वळण न् वळण उघडं, गावोगाव पालख्या नाचत असतात. डोळ्यांसमोरचं धड न दिसणाऱ्या माणसाला देवलांनी नेमका हाच महिना का दिला असेल? शिमगा आठवला असणार. घरचं काही कळण्याआधीच बोंब मारायची, तर नाव दुसरं कुठलं शोभणार!