शिशाची गोळी आणि आमचें मोजमाप

घरीं ओतलेली शिशाची गोळी मोजणें हा विषय संस्कृत शिकविण्यांत जन्म गेलेल्या मास्तराच्या लेखणीस शोभेल काय, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु मोजणीविषयींचा आमचा गर्व अशाच एका गोळीनें उतरविला.

आमचें मूळ घर कोंकणांत. शेताच्या राखणीसाठीं आजोबांच्या वेळेपासून परवान्याची एक ठासणीची बंदूक घरांत होती. थोरले काका वर्षांतून एकदां मागल्या अंगणांत चूल मांडून शिसें वितळवीत आणि चिमट्यासारख्या उघडणाऱ्या दोन भागांच्या सांच्यांत गोळ्या ओतीत. शिसें ३२७ अंश सेल्सियसला वितळतें; त्या रसांत पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची वाफ होऊन रस अंगावर उडतो, म्हणून मुलांना लांब उभें करीत. शिसें विषारी, ती कढई आजीनें माजघराचा उंबरठा कधीं ओलांडूं दिली नाहीं.

नळी आंतून १५ मिलिमीटर रुंद. गोळी तेलकट चिंधींत गुंडाळून ठासावयाची, म्हणून ती १४.६ हवी. काकांचें माप म्हणजे एक लोखंडी कडें. त्यांतून पडली ती गोळी चांगली. आम्ही १९७४ सालीं नुकतेच मॅट्रिक झालों होतों. आम्हांस हा निव्वळ अडाणीपणा वाटला. शाळेंतून स्क्रूगेज मागून आणलें, त्याची शून्यचूक पाहिली, मऊ शिसें दबूं नये म्हणून टोकाचें रॅचेटच तेवढें फिरविलें, आणि वीसही गोळ्या मोजून ऐटींत सांगितलें, "काका, सगळ्या बिनचूक."

पुढें आठ दिवसांनीं रात्रीं भातांत डुकरें शिरलीं. काकांनीं दारू भरली, गोळी घातली, आणि ती नळीच्या मध्यावर अडकली. गज ठोकला तरी खालीं जाईना. जमलेल्यांपैकीं एकानें म्हटलें, "टोपी लावून उडवा, आपोआप निघेल." काकांनीं बंदूक खालीं ठेवली. दारू आणि गोळी यांच्यामध्यें पोकळी राहिली असतां बार काढला, तर नळी फुगते किंवा फुटते. आणि ती फुटते तेव्हां धरणाऱ्याचा हात व डोळे तिच्याजवळच असतात. त्यांनीं कान्यांतून पाणी सोडून दारू भिजविली. दुसऱ्या दिवशीं कारागिरानें गजाच्या टोकास मळसूत्र लावून गोळी उपसून काढली. डुकरांनीं रात्रभर भात खाल्लें. काका आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें.

झालें होतें तें असें. ओततांना मध्येंच सांच्याच्या तोंडावर शिशाचा कण चिकटला, आणि पुढें दोन्ही भाग अर्धा मिलिमीटर उघडे राहूं लागले. सांध्यावरची कड काकांनीं सुरीनें तासलेली, त्यामुळें डोळ्यांस गोळी गोलच दिसे. आम्हीं प्रत्येक गोळी एकदांच, सांध्याच्या वर्तुळांत धरून मोजली. तेथें ती १४.६ च होती. सांध्याच्या काटकोनांत ती १५.१ भरली असती. कड्यांतूनही ती सुटली, कारण लांबट अंग पुढें करून पडल्यास कड्यास अरुंद बाजूच लागते.

त्या सुमारास आम्ही भास्कराचार्यांची लीलावती वाचीत होतों. गोलाचें घनफळ काढण्याची तींतील एक रीत फार सोयीची आहे: व्यासाच्या घनाचें अर्ध घ्यावें आणि त्यांत त्याच अर्धाचा एकविसावा भाग मिळवावा. १४.६ चा घन ३११२. त्याचें अर्ध १५५६. त्यांत ७४ मिळवून १६३० घन मिलिमीटर. शिसें पाण्याच्या ११.३४ पट जड, म्हणजे गोळी साडेअठरा ग्रॅम भरावी. सोनाराकडून तराजू आणून उरलेल्या १९ गोळ्या तोलल्या. अकरा साडेअठराच्या आसपास उतरल्या. आठ गोळ्या जवळजवळ एकेक ग्रॅम जड निघाल्या! व्यास शेंकडा एकानें वाढला तर वजन शेंकडा तिनानें वाढतें, म्हणून जी चूक मापांत लपते ती तराजूंत उघडी पडते. मात्र आंत पोकळी राहिलेली मोठी गोळीही वजनास बरोबर उतरूं शकते; तेव्हां तोलून झाल्यावर गोळी फिरवून तीन दिशांनीं मोजावीच लागते. हें सर्व आम्हीं काकांस उत्साहानें समजावून सांगितलें.

त्यांनीं तें ऐकून घेतलें, आठही गोळ्या कढईंत टाकल्या, आणि सांच्याचीं तोंडें पुसावयाचें फडकें आमच्या हातीं दिलें.