शेजारचा प्रतिस्पर्धी

वाचकहो, आपण कोणत्याही शहरी राहत असा, सोने घ्यावयाचे ठरले की पाय एका ठरावीक रस्त्याकडेच वळतात. मुंबईकराचा झवेरी बाजार, जयपूरकराचा जोहरी बाजार, आणि आम्हां दिल्लीवासीयांचा दरीबा किंवा करोलबाग. जुन्या सराफांचे एक वेळ समजते. ते पिढ्यान्‌पिढ्या तेथेच नांदत आले. परंतु ज्यांच्या शाखा देशभर आहेत, जागा निवडण्यास ज्यांना आडकाठी नाही, अशा धनाढ्य पेढ्यांनीही प्रतिस्पर्ध्याच्या भिंतीला भिंत लावून दुकान थाटावे, हे कोडेच नव्हे काय?

हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली या कोड्याला हात घातला. एक किलोमीटर लांबीचा सरळ रस्ता, दुतर्फा सारखी वस्ती आणि एकाच भावाने एकच माल विकणारे दोन दुकानदार, अशी कल्पना करा. रहिवाशांची सोय पाहिली तर एकाने अडीचशे मीटरवर व दुसऱ्याने साडेसातशे मीटरवर बसावे; मग कोणालाही अडीचशे मीटरांहून अधिक चालावे लागणार नाही. पण पहिल्याच्या मनात येते, किंचित मध्याकडे सरकलो तर पलीकडची चार गिऱ्हाइके माझी. दुसराही तेच करतो. सरकता सरकता दोघे ऐन मध्यावर येऊन एकमेकांना खेटतात. विक्री पूर्वीइतकीच, निम्मी निम्मी. टोकाला राहणाऱ्याची पायपीट मात्र पाचशे मीटरांची झाली!

युक्तिवाद मोठा गोंडस आहे; पण १९७९ साली तिघा अर्थशास्त्रज्ञांनी त्यातील उणीव दाखवली. दुकानदारांना भाव ठरवण्याची मुभा असेल, तर एकच माल शेजारी शेजारी विकणारे भाव पाडता पाडता नफा गमावून बसतील. त्यापेक्षा दूर राहणे बरे. मग सराफ का बरे दूर राहत नाहीत?

कारण एक बांगडी दुसरीसारखी नसते. मध्यंतरी वहिनींबरोबर करोलबागेत जाण्याचा योग आला. सोन्याचा त्या दिवसाचा भाव जवळजवळ सगळीकडे तोच, शुद्धतेला हॉलमार्कची साक्ष; फरक काय तो नक्षीचा आणि घडणावळीचा. वहिनी चार पेढ्या चढल्या आणि उतरल्या. तिसऱ्या पेढीवरील विक्रेत्याने नमुने काढण्यापूर्वीच विचारले, "शेजारी घडणावळ काय सांगितली, ताई?" एकाकी दुकानात हा प्रश्न कोण विचारील? तेथे गिऱ्हाइकालाच धास्ती, की हा सांगेल तो भाव. स्पर्धकाच्या शेजारी बसणारा मात्र न बोलताच हमी देतो, की मला फार मागता येणार नाही. त्या हमीवर लोक दुरून येतात. नफ्याचा थोडा वाटा सोडून तो गर्दी मिळवतो. मला तरी हा सौदा उभयपक्षी न्याय्य वाटतो.

औषधांच्या साखळी-दुकानांविषयी तसे म्हणवत नाही. गोळी तीच, पाकिटावर किंमत छापलेली, सूट मिळालीच तर थोडीफार. म्हणजे बहुतांशी हॉटेलिंगचाच रस्ता. मोठ्या रुग्णालयासमोर तीन-तीन दुकाने ओळीने उभी, आणि वसाहतीचे शेवटचे टोक कोरडे. आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ दरमहा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तिकडे जातात. गेल्या महिन्यात तिन्ही दुकानांत विचारपूस करून त्यांनी बारा रुपये वाचवले. रिक्षाला जाऊन-येऊन ऐंशी पडले.