नरसिंहाच्या गुडघ्यांवरचा पट्टा

हंपीला गेलात तर उग्र नरसिंहासमोर जरा जास्त वेळ थांबा. सुमारे पावणेसात मीटर उंचीची ही मूर्ती कृष्णदेवरायाच्या काळातली, १५२८ सालची. सगळे जण तिचे बटबटीत डोळे पाहतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही मात्र तिचे गुडघे पाहा. दोन्ही गुडघ्यांना बांधणारा एक रुंद दगडी पट्टा दिसेल. त्याला योगपट्ट म्हणतात. बराच वेळ एका आसनात बसायचं, तर पाय आणि पाठ शिणू नये म्हणून बांधायचा आधार. आज दिसतो तो पट्टा मूर्तीच्या डागडुजीच्या वेळी बसवलेला आहे, पण योगनरसिंहाच्या इतर जुन्या मूर्तींतही तो असतोच.

आम्ही तिथे उभे होतो तेव्हा आई एकदम म्हणाली, "अगं, यानंही पट्टा लावलाय की!"

या वाक्यामागची गोष्ट सांगते. आई अडुसष्ट वर्षांची, पुण्यात एकटी राहते. मी बंगळुरूला. गेल्या दिवाळीत ती रांगोळी काढायला दारात खाली बसली आणि तिला उठताच येईना. शेजारच्या काकू बाजारातून येईपर्यंत अर्धा तास ती तशीच बसून होती. हे मला तिनं नाही, काकूंनी सांगितलं. त्यानंतर आईनं जमिनीवर बसणंच सोडलं. तीस वर्षांची योगासनंही सोडली. "खुर्ची धरून आसनं करायची म्हणजे कुबड्या घेऊन शर्यत पळण्यासारखं आहे," असं तिचं म्हणणं.

दिवाळीनंतर महिनाभर ती माझ्याकडे राहिली. तिला परत सोडायला निघाले, तेव्हा वाट वाकडी करून हंपीला गेलो. नरसिंहानं माझं अर्धं काम केलं. उरलेलं पुण्यानं.

पुण्यात मॉडेल कॉलनीत रमामणी अय्यंगार योग संस्थेची इमारत आहे. आई त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेली असेल. या वेळी आम्ही फाटकापाशी थांबलो आणि मी तिला अय्यंगारांबद्दल वाचलेलं सांगितलं. कर्नाटकातल्या बेल्लूरचा हा मुलगा लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा आजारांनी खंगलेला. १९३७ साली, मराठीचा गंध नसताना, योग शिकवायला पुण्यात आला आणि पुण्याचाच झाला. पत्नीच्या नावाची ही संस्था १९७५ साली सुरू झाली. आतल्या हॉलची छायाचित्रं तुम्हीही पाहिली असतील: भिंतीला दोर, लाकडी विटा, पट्टे, लोड, पाठ काढलेल्या खुर्च्या. १९७९ साली स्कूटरच्या अपघातानंतर खुद्द अय्यंगारांनाच आपली आसनं पुन्हा शिकावी लागली, आणि तेव्हा हीच साधनं त्यांच्या कामी आली.

आई काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र स्वतःहून खुर्ची ओढून घेतली.

मग माझ्या बॅगेतून दुसरी साधनं निघाली: मऊ रबरी चेंडू आणि ताणायची रबरी पट्टी. ही पिलाटीजची. जोसेफ पिलाटीस हाही अय्यंगारांसारखाच, लहानपणी आजारी. १८८३ साली जर्मनीत जन्मला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्याला जर्मन म्हणून आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं. तिथे पलंगाच्या स्प्रिंगा वापरून त्यानं रुग्णांना पडल्या पडल्या व्यायाम करायला लावले, असं सांगतात. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यानं आपली व्यायामशाळा काढली. हाताशी असेल ते वापरून पाहायचं, हा खेळ दोघांनाही ठाऊक होता.

आम्हीही खेळच मांडला. नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि "असं केलं तर काय होतं?" हा प्रश्न. तुम्हालाही करून पाहता येईल.

सेतुबंधासनात दोन्ही गुडघ्यांमध्ये चेंडू धरा आणि हलकेच दाबा. गुडघे बाहेर पळत नाहीत, आणि मांड्यांच्या आतले स्नायू जागे झालेले कळतात.

खुर्चीवर बसून तोच चेंडू तसाच धरा आणि हात न टेकता उठून पाहा. नाही जमलं तर खुर्चीवर जाड उशी ठेवून बैठक उंच करा. जमायला लागलं की उशी काढा.

ताडासनात रबरी पट्टी दोन्ही हातांत धरून हात वर न्या आणि हळूच बाजूला ताणा. खांदे कानांपाशी गोळा होतात का, ते आरशात पाहा.

सुखासनात ओढणी कमरेमागून घेऊन दोन्ही गुडघ्यांभोवती बांधा. झाला तुमचा योगपट्ट!

मात्र खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि पायाखाली न सरकणारी चटई घ्या. गुडघा बदलला असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दुखलं की थांबायचं. खेळात हट्ट नको.

या सगळ्यात आईनं सर्वांत जास्त वेळा काय केलं असेल, तर जमिनीवरून उठणं. कुशीवर वळायचं, घडी घातलेल्या चादरीवर गुडघे टेकून हाता-पायांवर यायचं, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही तळवे ठेवायचे, एक पाऊल पुढे घ्यायचं आणि उठायचं. पहिल्या दिवशी दोनदा जमलं, तेही माझा हात धरून. मी बंगळुरूला परतल्यावर रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर माझा मुलगा पंच व्हायचा. "आजी, नॉट आउट!" असं तो ओरडला की तिला हसू आवरायचं नाही.

आईचे गुडघे काही बरे झालेले नाहीत. जिना चढताना अजून कुरकुरतात. पण पाडव्याला सकाळी तिचा फोटो आला. दारात रांगोळी, शेजारी खुर्ची, आणि खुर्चीवर रांगोळीचे डबे.

मी घाईनं फोन केला. "उठताना कोण होतं गं?"

"खुर्ची होती की," आई म्हणाली.