आयाळ

नरकचतुर्दशीची पहाट होती. अभ्यंगस्नान आटोपून आमची नात ओल्या केसांनी माझ्यासमोर येऊन बसली. तिची आई फराळाची ताटे लावण्यात गुंतलेली, आजी देवघरात. तेव्हा वेणीचे काम माझ्या वाट्याला आले. पोरीचे केस कमरेपर्यंत आहेत, आणि त्यांतला गुंता शेवेच्या चवंग्याला लाजवील असा. "आजोबा, हळू हं!" असे तिने आधीच बजावून ठेवले. मी केसांचा झुपका मुळाशी डाव्या मुठीत धरला, टोकाकडची चार बोटे विंचरली, मग त्यांच्या वरची चार बोटे, असे करीत करीत वर गेलो. वेणी पुरी झाली तेव्हा ती वळून म्हणाली, "आई तर वरून खाली ओढते. तुम्हांला कोणी शिकवलं?"

"एका घोडीनं," मी म्हणालो.

ती खो खो हसली. घरात कोणाचाच विश्वास बसला नाही. वाचकांचाही बसणार नाही. म्हणून ती सगळी हकीकत सांगायला बसलो आहे.

आमचे गाव खानदेशात, तापीपासून चार कोसांवर. शेती बेताचीच, पण आजोबांना, म्हणजे आमच्या आबांना, घोड्याचा भारी नाद. त्यांचे वडील एका सरदाराच्या पागेत मोतद्दार होते. सरदारकी गेली, पागा गेली, पण घोड्याची हौस तेवढी आमच्या घरात राहून गेली. माझ्या लहानपणी दावणीला बैलांच्या शेजारी बिजली नावाची घोडी असे. अंगाने कुमैत, तांबूस. आयाळ आणि शेपूट काळीभोर. कपाळावर पांढरा टिळा. आयाळ इतकी लांब की मान खाली घालून ती तोबऱ्यातले हरभरे खाऊ लागली, की तोबराही त्या केसांत दिसेनासा होई.

रोज सकाळी आबा तिला खरारा करीत. खरारा अंगाला; आयाळीला त्याचा स्पर्श झालेला त्यांना खपत नसे. लोखंडी दात केस तोडतात. आयाळीत आधी बोटे घालायची, काडीकचरा वेचायचा, गाठ लागली तर ती ओढायची नाही, दोन्ही हातांनी उकलायची. मग रुंद दातांची लाकडी फणी, आणि तीही टोकाकडून. शेपटीसाठी घोडीच्या अगदी मागे कधी उभे राहायचे नाही. पुठ्ठ्याच्या बाजूला उभे राहून शेपूट आपल्याकडे घ्यायची आणि मूठमूठ केस मोकळे करायचे. पंधरा दिवसांनी रिठ्याच्या पाण्याने धुवायचे. तिळाचे तेल तळहाताला पुसटसे लावून तो हात वरून फिरवायचा, बस्स. "तेल ओतलं की धूळ चिकटते," आबा म्हणत, "आणि घोडी रस्त्याची माती घेऊन घरी येते."

त्यांचे एक म्हणणे मला तेव्हा कळले नव्हते. ते म्हणत, "आयाळ घोड्याची असते, पण अब्रू मालकाची." पुढे त्याचा अर्थ उमगला. अंगावरचे केस घोडा वर्षातून दोनदा बदलतो; थंडीसाठी दाट होतो, उन्हाळ्याआधी ते झाडून टाकतो. आयाळ आणि शेपूट मात्र ऋतूबरोबर झडत नाहीत. ती वाढत राहतात, आणि तीही किती, तर महिन्याला बोटाच्या रुंदीएवढी. म्हणजे हातभर आयाळ हा दोन-तीन वर्षांचा जमाखर्च झाला. मालकाने आळस केला, खरजेकडे दुर्लक्ष केले, घोडा खांबाला मान घासत राहिला, की त्या जमाखर्चात भगदाड पडते. सावकाराच्या वहीत खाडाखोड करता येते. येथे ती सोय नाही.

१९६८ साली मी दहा वर्षांचा होतो. त्या वर्षी आत्याचे लग्न ठरले आणि आबांनी बिजली विकायचे ठरवले. विकायची तर सारंगखेड्याच्या यात्रेत. तापीच्या काठी एकमुखी दत्ताचे देऊळ आहे. दत्तजयंतीला तेथे यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. तेव्हा ते गाव धुळे जिल्ह्यात होते, १९९८ मध्ये वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. यात्रेत घोडा नुसता उभा करीत नाहीत, त्याला नटवतात. आयाळीच्या बारीक वेण्या घालून त्यांत रंगीत गोंडे आणि मणी ओवतात, कपाळावर झुरमुळी, डोक्यावर कलगी, पायांत घुंगरू. मग तो डफाच्या तालावर पाय उचलून नाचतो. घेणाराही कच्चा नसतो. दात पाहून वय ताडतो, खूर पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो. गळ्यावर 'देवमण' असला तर त्याचा चेहरा खुलतो. आणि हे सगळे चाललेले असताना त्याचा एक हात आयाळीखालून फिरत असतो.

दत्तजयंतीला दीड महिना होता. दिवाळीची सुट्टी लागली होती. तालुक्याच्या एका दुकानदाराने दिलेल्या कॅलेंडरवर पोलो खेळणाऱ्या घोड्याचे चित्र होते. त्याच्या मानेवर केसच नव्हते. मान कशी कोरल्यासारखी दिसत होती. मला ती ऐट वाटली. पाडव्याला जनावरे नटवतात. मनात म्हटले, यंदा बिजलीला असे नटवू की आबा पाहतच राहतील! दुपारी सगळे झोपल्यावर आत्याची शिवणाची कात्री घेतली, बादलीवर चढलो आणि आयाळ कापली. बिजली हलली नाही. मी तिच्या मानेशी आलो म्हणजे विंचरायलाच आलो, असा तिचा समज. तो विश्वास मला अजून बोचतो.

आबा उठून बाहेर आले. खरोखरच पाहत राहिले. मला वाटले, आता पाठ सोलून निघणार. त्यांनी हात उगारला नाही. खाली वाकून त्यांनी जमिनीवरचे केस गोळा केले, टोके जुळवून जुडी बांधली आणि मग विचारले, "दीड महिन्यात किती वाढेल रे?"

"दीड बोट," मी रडत म्हणालो.

"मग ते दीड बोट रोज विंचरायचं. उद्यापासून तू."

त्या दिवसापासून ताठ उभ्या राहिलेल्या त्या खुंटांवरून मी रोज फणी फिरवू लागलो. विंचरण्यासारखे तेथे काही नव्हते. मग शेपटीकडे वळलो, आणि महिनाभरात टोकाकडून वर जाणे हाताला बसले.

पुढे नोकरीच्या निमित्ताने ग्रंथालयांशी संबंध आला, तेव्हा या अपराधापायीच की काय, घोड्याच्या आयाळीविषयी जे सापडेल ते मी वाचीत आलो. पोलोच्या घोड्याची मान भादरतात ती ऐटीसाठी नव्हे. लगाम आणि काठी केसांत अडकू नये म्हणून. शेपूटही तेवढ्यासाठीच गुंडाळून बांधतात. प्रदर्शनाच्या घोड्याची आयाळ इंग्लंडात उजव्या बाजूला पाडतात, चिमूटचिमूट उपटून विरळ करतात, मग तिच्या वेण्या घालून सुईदोऱ्याने गोळ्यांसारख्या शिवून टाकतात. मानेवर वेण्यांची संख्या विषम असावी असा जुना संकेत. उलट अरबी घोडा तेथेही मोकळ्या केसांनीच रिंगणात येतो, कारण लांब आयाळ ही त्याच्या जातीची खूण. इराणात पर्सेपोलिसच्या भिंतींवर अडीच हजार वर्षांपूर्वीचे घोडे कोरले आहेत. त्यांच्याही कपाळावरचे झुलूप बांधलेले आणि शेपट्यांना गाठी मारलेल्या. मोगल चित्रांत पांढऱ्या घोड्याची शेपूट मेंदीने रंगवलेली दिसते. आणि आपला नकुल विराटाच्या घरी अश्वशाळेत राहिला तो 'ग्रंथिक' या नावाने. ग्रंथी म्हणजे गाठ. पंडित काहीही म्हणोत, मला आपले उगीच वाटते की तो पांडुपुत्र वर्षभर तेथे गाठी सोडवीत बसला असेल!

माणसाची हौस जनावराच्या जिवावर उठते तेही वाचले. विलायतेत गाडीच्या घोड्यांची शेपूट हाडासकट छाटण्याची एके काळी रीत होती. अ‍ॅना सीवेल या बाईंच्या १८७७ सालच्या 'ब्लॅक ब्यूटी' या पुस्तकात एक म्हातारा घोडा आपले हे दुःख सांगतो: माश्या बसतात, डसतात आणि हाकलायला काही उरलेले नाही. ब्रिटनमध्ये ही छाटणी बंद व्हायला १९४९ सालचा कायदा यावा लागला. ते वाचताना वाटले, निदान मी शेपटीला हात लावला नव्हता.

असो. दत्तजयंती आली. आम्ही बिजलीला घेऊन पायी निघालो. मी हट्टाने बरोबर गेलो. आबा नको म्हणाले नाहीत. यात्रेत आजूबाजूचे घोडे गोंड्यामण्यांनी लखलखत होते आणि त्यांत आमची घोडी मुंडण केल्यासारखी उभी. लोक येत, दात पाहत, खूर पाहत, मानेकडे हात नेत आणि पुढे जात. काही जण हसत. दुसऱ्या दिवशी एक दलाल आबांच्या शेजारी येऊन बसला. बाजूला बांधून ठेवलेली केसांची जुडी त्याने हेरली होती. "पाटील, केस हिचेच आहेत," तो हळूच म्हणाला. "गंगावन करून देतो. वेण्यांत असं बेमालूम बसवतो की घेणाऱ्याला घरी गेल्यावरच कळेल."

आबा थोडा वेळ गप्प होते. आत्याच्या लग्नाचा आकडा त्यांच्या मनात असणारच. मग म्हणाले, "कद्रूनं हाच उद्योग केला होता, बाबा."

दलालाला कळले नाही, मला कळले. उच्चैःश्रव्याची शेपूट काळी की पांढरी, अशी कद्रू आणि विनता या बहिणींत पैज लागली. घोडा सगळा पांढरा. तेव्हा कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना काळे केस होऊन त्या शेपटीला बिलगायला सांगितले आणि पैज जिंकली. विनता दासी झाली. चातुर्मासात आबा ही कथा दरवर्षी ऐकत.

संध्याकाळी एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी मानेवरून हात फिरवला आणि विचारले, "खरूज झाली होती?"

"नाही. कात्री लागली," आबा म्हणाले.

"कोणी लावली?"

"आमच्या घरात झालं."

मी खाली मान घालून उभा होतो. त्या गृहस्थांनी माझ्याकडे एकदा पाहिले, मग बाजूला जाऊन बिजलीची शेपूट हातात घेतली. मुळापासून टोकापर्यंत बोटे घातली. ती कोठेही अडली नाहीत. "ही कोण विंचरतं?" त्यांनी विचारले. आबांनी माझ्याकडे बोट दाखवले.

सौदा झाला, पण मनात धरलेल्या किमतीपेक्षा तीनशे रुपये कमीने. त्या काळी तीनशे रुपये म्हणजे काय, हे आत्याच्या लग्नात कळले. ठरलेल्या पाटल्या तिच्या हातांत चढल्या नाहीत. काचेच्या हिरव्या बांगड्या घालून ती सासरी गेली. त्याबद्दल घरात मला कोणी एक शब्द बोलले नाही, आणि तेच जास्त लागले. आत्या मात्र अजून दर भाऊबीजेला सगळ्यांदेखत म्हणते, "ह्यानं माझ्या कात्रीनं माझ्याच पाटल्या कापल्या!" नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षाच्या शिल्लकीतून मी तिला पाटल्या केल्या. ती म्हणाली, "वेड्या, त्या घोडीला कर."

पुढच्या वर्षी आबा मला पुन्हा यात्रेला घेऊन गेले. विकायला काही नव्हते, घ्यायला पैसे नव्हते. उगीच बाजारातून फिरत होतो. एका रांगेत आबा थांबले. बिजली होती. तिने कान टवकारले आणि नाकपुड्या फुरफुरवल्या. आयाळ आता वीतभर झाली होती. गोंडे नव्हते, मणी नव्हते, नुसती एका बाजूला नीट पाडलेली. आबांनी तिच्या मानेखालून हात घातला आणि केसांतून बोटे टोकापर्यंत नेली.

"गुंता नाही," ते म्हणाले, आणि आम्ही घरी आलो.

हे सगळे मी नातीला सांगितले. ऐकता ऐकता तिने आपली वेणी पुढे घेतली होती. गोष्ट संपल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली, मग आत जाऊन माझ्या हातात फणी देत म्हणाली, "आजोबा, उद्याही तुम्हीच."